काय पिऊन आलतास?

मालकांचा वकील काल गेला.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत हे दोन शब्द शिवीसारखे वापरतात. आमचे पाटील सर मात्र फोन उचलून स्वतःच सांगायचे, "हां, मालकांचा वकील बोलतोय."

कामावर अपघात झाला आणि कामगाराने नुकसानभरपाईचा दावा लावला, की कंपनीच्या बाजूने उभे राहायचे ते सर. उभी हयात हेच केलं. मी त्यांची ज्युनिअर.

लोक मला विचारायचे, "गरिबांच्या विरुद्ध लढताना झोप कशी लागते गं?"

सरांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "बाय, सफाळ्याच्या त्या भातगिरणीवाल्याला विचार. गडी वरातीत नाचताना पडला आणि पाय गिरणीत मोडला म्हणून दावा लावला. मालक झाला म्हणून त्याला वकील नको?"

उत्तर तयारच असायचं या माणसाकडे!

पण आज सांगायचंय ते लक्ष्मणच्या केसबद्दल.

लक्ष्मण मासवणकडच्या एका पाड्यावरचा. प्रेस मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. ती कंपनी आमची सगळ्यात मोठी क्लायंट. ऑफिसचं भाडं, माझा पगार, सगळं तिच्या जिवावर.

कंपनीचा मॅनेजर बाहेरून आलेला, हिंदी बोलणारा. छाती ठोकून सांगत होता, "सर, उसने खुद बोला, पिऊन आलोय. अपने मुँह से बोला."

कामगार दारूच्या नशेत होता आणि त्यामुळेच अपघात झाला, हे सिद्ध झालं तर अशा दुखापतीत मालक भरपाईतून सुटतो. म्हणजे केस खिशात. लक्ष्मणला मात्र बोटंही गेली आणि भरपाईही.

सर मॅनेजरला एवढंच म्हणाले, "आधी मी त्याला विचारतो."

लक्ष्मण साक्षीला उभा राहिला. उजवा हात पाठीमागे धरून. सरांनी विचारलं, "त्या दिवशी कामावर पिऊन आला होतात?"

"हा. पिऊनच आलतो."

त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

मॅनेजर माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

उलटतपासणीचा पहिला धडा मला सरांनीच दिलेला. हवं ते उत्तर मिळालं की तोंड मिटून खाली बसायचं.

सर बसले नाहीत.

सर स्वतः मासवणचे. अंगावर काळा कोट तसाच, पण बोली एकदम गावची झाली.

"अरे, काय पिऊन आलतास?"

लक्ष्मण गोंधळला. "काय म्हंजे? आंबील. नागलीची. सकाळी आंबील पिऊनच तं निंगतो आमी. भाकर दुपारची."

"आनि दारू?"

"कामावर? नाय ओ साहेब. मशीन हाय ती."

न्यायाधीशांनी मान वर केली.

सर म्हणाले, "प्रश्न आणि उत्तर, दोन्ही जसंच्या तसं नोंदवावं." मग खाली बसले आणि घटाघटा पाणी प्यायले.

बाहेर आल्यावर मॅनेजर पेटलाच. "आप हमारे वकील हो या उसके?"

"तुमचाच," सर म्हणाले. "ही आंबील त्याच्या वकिलाने बाहेर काढली असती, तर तुमच्या पुढच्या एका शब्दावर कोर्टाने विश्वास ठेवला नसता. आणि साहेब, माझी आईसुद्धा मला रोज पाजूनच शाळेत पाठवायची."

मॅनेजरला काही हसू आलं नाही.

बाकीची केस सर कंपनीसाठी जीव तोडून लढले. दाव्यात अख्खा हात निकामी झाल्याचं म्हटलं होतं, ते त्यांनी टिकू दिलं नाही. लक्ष्मणला गेलेल्या बोटांची भरपाई मिळाली, हाताची नाही. जेवढं नुकसान तेवढंच.

तरी कंपनीने आपल्या सगळ्या फाइली परत मागितल्या. सरांनी न्यायला आलेल्या माणसाला चहा पाजला आणि देऊन टाकल्या.

ती कंपनी परत आली नाही. आधीच सांगते, नाहीतर शेवटी येईल म्हणून वाट बघाल.

पुढे बरेच महिने आम्ही ऑफिसात माशा मारल्या. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, तो एक प्रश्न नसता विचारला तर?"

"तर जिंकलो असतो," सर म्हणाले. "आणि मग गावात कुठल्या तोंडाने गेलो असतो, बाय?"

मला त्या दिवशी या माणसाचा जो अभिमान वाटला, तो आजतागायत उतरलेला नाही.

आज कोर्टात शोकसभा होती. लक्ष्मणचे तेच वकील बोलायला उभे राहिले. कामगारांच्या बाजूने आयुष्यभर सरांशी भांडलेला माणूस. मला वाटलं, चार औपचारिक वाक्यं बोलून बसतील.

ते म्हणाले, "समोर पाटील आहेत असं कळलं की मी अशिलाला सांगायचो, खोटं बोलू नकोस, पकडला जाशील. आणि खरं सांगायचं राहिलं तरी घाबरू नकोस.

तो विचारेल."

एवढं बोलून ते खाली बसले.

सर, तुमची ज्युनिअर होते हे यापुढे मी सगळीकडे मिरवणार आहे.

निघालातच आहात, तर या आता.