काकूंचं तापलेलं लेकरू

नवरदेवाच्या घोडीच्या अगदी शेपटाशी घमेलं घेऊन नाचणारी बाई तुम्ही कळमनुरीत पाहिली असेल, तर त्या आमच्या शेजारच्या लीदवाल्या काकू. घोडीनं लीद टाकली की अलगद घमेल्यात घेत आणि पुन्हा नाचू लागत. मुलीकडच्यांना वाटे मुलाकडच्या, मुलाकडच्यांना वाटे मुलीकडच्या. जेवायचा आग्रह दोघंही करत.

अंगणात त्यांचा ढीग होता. लीद, कडुनिंबाचा पाला, हळदीची वाळलेली पानं, वर ओलं पोतं. ताजी लीद झाडाला जाळते. आधी तापून निवावी लागते. रोज सकाळी काकू ढिगात लोखंडी सळई खुपसत, जरा वेळानं काढून मनगटाला लावत आणि जाहीर करत, "आज बी ताप हाय लेकराला!"

मी बँकेतला, आकड्यांचा माणूस. "नेमका किती, काकू?"

"चटका बसला का जास्त, न्हाई बसला का कमी. तुमचे पॉइंट बँकेत ठेवा, भाऊ."

समोरच्या गुरुजींच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ढिगावर संकट आलं. "हळदीच्या आधी हे उचला," गुरुजी म्हणाले. "व्याही काय म्हणतील?"

काकूंचा चेहराच पडला. "अर्ध्या तापात काहून उचलता? विस्कटलं का थंड पडतं, मंग कच्चंच राहतं. माझा मोगरा याचीच वाट पाहून राहिला."

गुरुजी बधले नाहीत.

व्याही पुढची बोलणी करायला आले ती सकाळ कडाक्याच्या थंडीची. गुरुजींच्या ओसरीवर चहा चालला होता आणि इकडून काकू मला मोठ्यानं सांगत होत्या, "ताप काई उतरून न्हाई राहिला लेकराचा! रातभर वाफा निघाल्या. वरून अजून एक पोतं टाकलं, भाऊ."

विहीणबाई निवृत्त नर्स. त्यांनी कप ठेवला, पर्समधून डिजिटल थर्मामीटर काढला आणि तरातरा काकूंच्या अंगणात आल्या. "कुठंय लेकरू? अन् पोतं काहून टाकलं त्याच्यावर?"

काकूंनी बोट दाखवलं. ढीग मजेत वाफाळत होता.

विहीणबाई हसत सुटल्या, त्या पायरीवरच बसल्या. मागून धावत आलेल्या गुरुजींना घाम फुटला होता. "आता आणलाच हाय तं लावा," काकू म्हणाल्या. विहीणबाईंनी खरंच लावला. मी उत्सुकतेनं वाकलो. आकडा नाहीच, नुसतं इंग्रजी एच अक्षर उमटलं.

"एच म्हणजे?" मी विचारलं.

"हाय."

"तेच तं मी रोज सांगून राहिले," काकू कडाडल्या, "ताप हाय!"

मग मात्र गुरुजींनाही हसू फुटलं. हसू आवरल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "गुरुजी, याला हात लावायचा न्हाई. निवलं का माझ्या जास्वंदीला एक पोतं पाठवा." ते पोतं झेंडूची माळ घालून रुखवतात बसलं, चिवड्या-लाडवांच्या शेजारी.

यंदा काकू मुलाकडे नांदेडला गेल्या, फ्लॅटमध्ये. मोगरा, ढीग आणि सळई माझ्या हवाली केली. परवाच्या वरातीत घमेलं घेऊन मीच होतो. मला नाचता येत नाही, त्यामुळे दोन्हीकडच्यांनी लगेच ओळखलं, हा आपला नव्हे.

रोज बँकेत काकूंचा फोन येतो. "भाऊ, ताप?"

"आज बी ताप हाय लेकराला, काकू!" मी भर काउंटरवरून ओरडतो.

काल कॅशियर हळूच जवळ आला. "साहेब, लेकराला एकदा नांदेडला दाखवा ना."

मी मनगटावरचा चटका चोळत म्हटलं, "तिकडूनच इलाज चालू आहे."