तेरा ऑक्सिजन, नऊ ऑक्सिजन

तिसरं मेलेलं पिल्लू फाडून बघितलं आणि पुन्हा तसाच बुचकळ्यात पडलो. रोगाची एकही खूण नाही. रक्त मात्र लालभडक.

मी तेव्हा डिचोलीला सरकारी पशुवैद्यक होतो. सर्वणच्या सुलभावहिनी एकटीच्या हिमतीवर कोंबड्या पाळत. पहिली बॅच रोगाने गेली होती. ही गेली तर शेडला कुलूप, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

चार दिवसांपूर्वी पाच पिल्लं मेली, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो होतो, गारठा बाधलाय. पडदे घट्ट ओढा, ब्रूडर मोठा करा. ब्रूडर म्हणजे पिल्लांना ऊब देणारी गॅसची शेगडी. वहिनींनी ताडपत्री ओढून उरलेल्या फटीही गोणपाटाने बुजवल्या. दुसऱ्या दिवशी चाळीस मेली. मी अँटिबायोटिक दिलं. मग साठ मेली. माझं डोकंच चालेना.

"तुमी सांगितल्यात तसाच केलंय, दोतोर," वहिनी म्हणाल्या. माहेर सावंतवाडीकडचं, बोली सोडली नव्हती. "आता माझा पण डोक्या दुखता. भायर गेल्यार बरा वाटता. पण तुमी पडलास ढोरांचे दोतोर."

मी हसलो, आणि मग हसू आटलं. बाहेर गेल्यावर बरं वाटतं? शेगडीकडे नीट बघितलं. निळी हवी ती ज्योत पिवळी होती.

औषधाच्या खोक्यावर कॉलेजातलं समीकरण मांडलं. सिलिंडरमधला गॅस ब्यूटेन धरला. त्याच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचे तेरा मिळाले की आठ कार्बन डायऑक्साइड आणि दहा पाणी तयार होतं. दोन्हीकडचे अणू मोजले. जुळलं. पण बंद शेडमध्ये तेरा येणार कुठून? नऊच घालून बघितले. अरेच्चा, तेही जुळलं! पाणी दहाच, फक्त कार्बन डायऑक्साइडच्या जागी आठ कार्बन मोनॉक्साइड. या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातली ऑक्सिजनची जागा तो बळकावतो आणि रक्त लालभडक करून सोडतो.

धावत जाऊन गॅस बंद केला, गोणपाटं उपसली. तेव्हा कोपऱ्यात खाट दिसली, वर गोधडी.

"ही कोणाची?"

"माझी. आजपासून हयच निजतलंय. पिल्लांका राखण नको?"

खाट मी स्वतः बाहेर ओढली. चूक माझी, पडदे माझ्या सांगण्यावरून ओढलेत, हे तिथेच कबूल केलं. लाज वाटत होती. वहिनींना आधी माणसांच्या डॉक्टरकडे धाडलं. मग बर्नर साफ करून घेतला, पडद्याला वरून वीतभर फट ठेवली. ज्योत निळी झाली. दोन दिवसांत मरणं थांबली आणि उरलेली बॅच जगली.

खोक्याचा तो पुठ्ठा अजून माझ्या कपाटात आहे. परीक्षेत दोन्ही समीकरणांना पूर्ण मार्क मिळाले असते. दुसऱ्यात फक्त वहिनी उरल्या नसत्या.