पाठीवरचा तीळ

माझ्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली एक तीळ आहे. मी तो कधी पाहिला नव्हता. ह्यांनी पाहिला होता. त्यावर बोट ठेवून उगाच हसायचे. हे जाऊन सहा वर्षं झाली. पोशेऱ्याच्या शाळेत मी शिकवते, जवळच्याच खोलीत एकटी राहते. एकटेपणाचं लोक कौतुक करतात. मला त्याचा राग येतो.

यंदा तिळापाशी खाज सुटली, म्हणून जव्हारला दवाखान्यात गेले. त्वचेच्या तरुण डॉक्टरणीने पाठीवर गार थेंब टाकला नि तळहाताएवढी दिव्याची दुर्बीण टेकवली. ना सुई, ना कापाकापी. माझी पाठ समोरच्या पडद्यावर आली. मधोमध काळाकुट्ट डाग, कडा वेड्यावाकड्या.

"आधी केवढा होता?"

"माहीत नाही."

"घरी कोणी पाहिलाय?"

"नाही."

तिचा चेहरा बदलला. काळ्याखालचं काही दिसत नाही, तुकडा काढून तपासावा लागेल, नाशिकला जा, म्हणाली. कॅन्सर हा शब्द तिने उच्चारला नाही. मीच मनात दहादा उच्चारला.

कापूस घेऊन आलेली आया पडद्याकडे बघत थांबली. "बाई, यो त बिबा हाय. वघळ पन आलाय बाजूला. कोनी घातला?"

तेव्हा आठवलं. पंधरवड्यापूर्वी पाठ धरली होती. इथे सगळे करतात तसा बिब्बा दिव्यावर तापवला आणि त्याचं कातडी काळी पाडणारं तेल सुईने पाठीला लावायला गेले. हात पुरेना. कुठे लागलं, दिसेना.

"मीच."

"पाठीवं? एकलीनं?" आया म्हणाली. मला रडू फुटलं. दोघींसमोर, पदर तोंडाला लावून रडले.

बिब्ब्याचा डाग निघू दे, मग पाहू, म्हणत डॉक्टरणीने महिन्याने बोलावलं. तोवर काळी साल निघून गेली होती. पडद्यावर तपकिरी, एकसारखी जाळी दिसली. साधा तीळ. पन्नाशी उलटल्यावर मी तो पहिल्यांदा पाहत होते.

"काही नाही, मॅडम. आता यायची गरज नाही. घरच्यांना अधूनमधून बघायला सांगा."

"सांगते," म्हटलं. जीव भांड्यात पडला. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"कुणीतरी बघायला हवं म्हणालात ना?" मी जरा चिडूनच विचारलं. "मग तारीख द्या."