जित्या माणसाला खांदा

निम्मी वाट सरली होती, पण पाऊस उघडीप द्यायचं नाव घेत नव्हता. पूर्णिमा स्ट्रेचरच्या कडेनं चालत होती. एका हातातली छत्री धाकट्या भावाच्या, मोहितच्या तोंडावर धरलेली. दुसरा हात मोकळाच ठेवायचा, असं केरबानं बजावलं होतं. "पाय सटकला तर झाड धरायचं ताई. स्ट्रेचर धरायचं न्हाय."

सकाळी कबनूरहून बहीणभाऊ गगनबावड्याकडचा धबधबा बघायला आले, तेव्हा हा केरबा कोण हे तिला ठाऊक नव्हतं. शेवाळलेल्या दगडावरून मोहित घसरला, मांडीचं हाड मोडलं आणि तासाभरात खालच्या गावातली सहा माणसं दोर, फळ्या, स्ट्रेचर घेऊन धावत वर आली. रेस्क्यू टीम म्हणतात त्यांना. पगार नाही, की कुणाचा हुकूम नाही. केरबा त्यांचा म्होरक्या. घरी दोन म्हशी, थोडी भाताची खाचरं. आज तर दुधाचा कॅन डेअरीच्या कट्ट्यावर तसाच ठेवून तो आला होता.

स्ट्रेचर नेण्याची त्यांची एक रीत होती. गळ्यात पट्टे अडकवायचे आणि हात खाली सोडून माणूस कंबरेच्या उंचीवर न्यायचा. हातांना रग लागली की चौघांतला एकेक बदलायचा. पेशंट मात्र बोलता ठेवायचा.

"काय रं भावा, कबनूरला काय दगडं खाता व्हय? हात निखळायची पाळी आली की," पुढचा दांडा धरलेला हंबीरराव म्हणाला.

मघा मोहित अशा बोलण्यावर कण्हत का होईना, हसला होता. आता हसला नाही. त्याची मांडी टम्म फुगली होती आणि ओठ काळेनिळे पडत चालले होते.

"मोहित, अरे बोल ना," पूर्णिमानं त्याचा गाल थोपटला. पापणी तेवढी हलली.

"चला, चला," केरबा म्हणाला. "वड्यापलीकडं रस्ताच हाय. ॲम्ब्युलन्स येऊन थांबलीया."

ओढ्याच्या काठाला आल्यावर मात्र सगळेच थबकले. सकाळी चपला हातात घेऊन ओलांडलेला ओढा आता तांबडालाल होऊन धावत होता. केरबा काठी टेकत आत उतरला. पाणी कंबरेच्या वर आलं. दोर पलीकडच्या झाडाला बांधून तो परत आला.

"हातावरनं न्ह्यायला येणार न्हाय. पोरगं बुडंल. खांद्यावर घ्या."

"नको!" पूर्णिमा ओरडली. वडिलांना असंच चौघांनी उचलून दारातून नेलेलं तिच्या डोळ्यांसमोर आलं. "जिवंत आहे हो तो! खांदा देऊ नका त्याला!"

हंबीररावानं पट्ट्यावरचा हात काढला. "ताईंचं खरं हाय. जित्या माणसाला खांदा मी द्याचा न्हाय केरबा. दुसरं काय तरी बघ."

"दुसरं काय बघू? पूल बांधू?"

एक भलं मोठं लाकूड गरगरत समोरून गेलं. काठावर जो दगड मघाशी दिसत होता, तो आता दिसत नव्हता. केरबा पूर्णिमाजवळ आला. त्याचा आवाज एकाएकी खाली आला होता.

"ताई, जोतिबाची पालखी कशावरनं नेत्यात?"

तिनं छत्री मोहितच्या तोंडावर आणखी खाली धरली.

"खांद्यावरनंच की. मग ही पालखीच हाय असं समजा. पर आरोळी तुमी द्या. तुमी दिल्याबिगर ह्यो हंबीररावाचा म्हसोबा हलायचा न्हाय."

मोहितच्या छातीवर हात ठेवून तिनं पाहिलं, श्वास होता, पण जेमतेम. तिनं डोळे मिटले.

"जोतिबाच्या नावानं..."

"चांगभलं!"

पाण्याच्या आवाजावर सहा जणांचा आवाज चढला आणि मोहित वर उचलला गेला. पहिला खांदा हंबीररावाचा लागला. पूर्णिमा दोराला धरून मागून उतरली. निम्म्यात केरबाचा पाय गेला. तो हनुवटीपर्यंत बुडाला, स्ट्रेचर एका अंगाला कललं. पण त्यानं दांडा सोडला नाही. तोंडातलं पाणी थुंकत तो पुन्हा उभा राहिला, "हाणा फुडं!"

ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी नाडी धरली, सलाईन लावलं. "आहे. चला लवकर."

पूर्णिमा आत चढली. तिनं हात जोडले. दार लावता लावता केरबा घुटमळला.

"ताई, एक इनंती हाय. आमी माणूस खांद्यावरनं आणला, ही बातमी माझ्याआधी घरी पोचलेली असणार. आई आज काय बी इचारायची न्हाय, मयतच झाली समजून निस्तं आंघोळीला पाणी काढून ठेवंल. आजवर लई जणांना खाली आणलं, पर गाडी गेली की फुडं काय झालं, आमाला कोण कळवत न्हाय. ती आपली त्येंचं रोज इचारत ऱ्हातीया. ड्रायव्हरजवळ घरचा नंबर दिलाय. ह्यो शुद्धीवर आला की तेवढा फोन लावा. आन् तुमी बोलू नका, ह्येलाच बोलाय लावा. निस्तं 'आजी, मी हाय' म्हटला तरी बास."