वीतभर उंचवटा

धोंडाबाई अंगणवाडीत मदतनीस. वेल्ह्याच्या अलीकडं एका वाडीत, अगदी रस्त्याला लागून त्यांची अंगणवाडी. रस्ता खड्ड्यांचा होता तोवर त्याची कुणाला भीती नव्हती, गाड्या आपोआप हळू यायच्या. मग रस्ता नवा झाला, घरोघरी मोटारसायकल आली, आणि सुट्टीला तोरण्याकडं जाणाऱ्या गाड्या सुसाट सुटू लागल्या. एकदा एका गाडीचा आरसा अंगणवाडीतल्या पोरीच्या दंडाला घासून गेला. वाडीनं गतिरोधकासाठी अर्ज दिला. "पाहणी होईल," एवढंच उत्तर आलं.

ग्रामसभेत धोंडाबाई उठल्या. "पोरगं गेल्यावर पाहणी करनार का? आपनच घालू."

वाडीतल्या गोरखच्या घराच्या बांधकामातलं सिमेंट उरलं होतं. त्यानं दोघा-तिघांना घेऊन काम काढलं. धोंडाबाई स्वतः घमेली उचलत होत्या.

"मावशी, एवढा पुरे. लई उंच नको," गोरख म्हणाला.

"उंच कर. गाड्या थांबायलाच पायजेत."

"बरं. पांढरे पट्टे तरी मारू."

"अंगणवाडी रंगवायची हाय, तवा मारू."

गाड्या थांबू लागल्या. आयाबाया धोंडाबाईंना दुवा देऊ लागल्या, त्यांनाही ते आवडू लागलं. रंगाचं तेवढं राहून गेलं.

पावसाळा सरता सरता वरवे बुद्रुकचे रखमाजी बायकोला, बाळाबाईंना, मागं बसवून वेल्ह्याला लेकीकडं निघाले होते. दिवेलागण झाली होती. करड्या रस्त्यावरचा करडा उंचवटा त्यांना दिसलाच नाही. गाडी उडाली. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाळाबाई डोक्यावर पडल्या. जीप येईपर्यंत धोंडाबाईंनी ते डोकं मांडीवर धरून ठेवलं. बाळाबाई दवाखान्यात पोचल्याच नाहीत.

वाडीत सगळे म्हणत होते, आपण चांगल्यासाठीच केलं. दहावं झाल्यावर धोंडाबाई वरव्याला गेल्या.

रखमाजींनी त्यांना ओळखलं. "ताई, तुमी तिचं डोकं मांडीवर घेतलं. लई उपकार झाले. चूक माजीच. गुळगुळीत रस्ता बगून गाडी पळवली म्या."

हात जोडून परत फिरता आलं असतं. धोंडाबाई तिथंच उंबऱ्याशी खाली बसल्या.

"तो गतिरोधक म्या घालायला लावला, भाऊ. उंच करा म्हनून म्याच सांगितलं."

रखमाजी म्हणाले, "पोरांसाठी घातला व्हय?"

"व्हय."

"मग रंग का न्हाई मारला?"

रखमाजींनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. तो चहा धोंडाबाईंनी कसाबसा संपवला.

पुढं उंचवटा उखडायला जेसीबी आला, तेव्हा गावकरी आडवे उभे राहिले. धोंडाबाईंनीच त्यांना बाजूला केलं. मग तालुक्यात रस्ता सुरक्षेची बैठक होती, तिथं त्या गेल्या.

"आमी घातला तो चुकीचा व्हता," त्या म्हणाल्या. "त्यापायी एक बाई गेली. पर पोरं अजून त्याच रस्त्यावर हायेत. बरोबर कसा घालायचा ते तुमी सांगा, आनि लवकर घाला."

रस्त्याच्या इंजिनीअर शुभ्रा खाली मान घालून ऐकत होत्या. "मावशी, तुमचा अर्ज माझ्याच टेबलावर पडून होता," त्या म्हणाल्या. "मी आले असते, तर तुम्हाला हे करावं लागलं नसतं."

रस्त्यालगतच्या सगळ्या शाळा-अंगणवाड्यांची पाहणी आधी करायची, असं त्या बैठकीत ठरलं. वाडीत रुंद, बुटका गतिरोधक झाला. पट्टे आले, अलीकडं-पलीकडं फलक लागले. गाड्या आता हळू होतात, कुणी उडत नाही. सुरक्षा सप्ताहात धोंडाबाईंचा सत्कार ठरला होता. त्या गेल्या नाहीत.

रखमाजी आता लेकीकडं एसटीनं जातात. अंगणवाडीपाशी एसटी हळू होते. खिडकीत ते दिसले, की धोंडाबाई पोरांना घेऊन आत जातात.