मोहेंजोबाईंचा शनिवार

मोहेंजोबाईंचं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे त्यांच्या वर्गात सगळ्यांत कमी त्याच बोलायच्या. इतिहासाची बाई आणि गप्प, हे आमच्या शिक्षकखोलीत कुणाच्या पचनी पडत नसे. मी शेजारच्या वर्गात घसा फोडून समीकरणं शिकवत असायचो आणि भिंतीपलीकडे बाई शेवटच्या बाकावर, पोरांच्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या असायच्या. एखादं पोर अडलं आणि मदतीसाठी त्यांच्याकडे बघू लागलं, की म्हणायच्या, "माझ्याकडं काय बघतोस? मी आज शाळेत आलेच नाही की."

नाव अर्थातच पोरांनी ठेवलेलं. सहावीत आल्याआल्या प्रत्येकाकडून 'मोहेंजोदडो' न अडखळता म्हणवून घेतल्याशिवाय बाई पुढे सरकत नसत. सोलापुरात आमच्या शाळेत एका बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी शेजारीशेजारी बसतात, त्यामुळे या एका नावाचे जे हाल व्हायचे ते विचारू नका. बाई स्वतः अक्कलकोटकडच्या. रागावल्या की कन्नडमध्ये जायच्या, पण तेवढ्या रागवायच्या वर्षातून क्वचितच.

शनिवारी शेवटच्या तासाला त्यांच्या वर्गात गटांची सादरीकरणं असत. एक गट इजिप्त, एक मेसोपोटेमिया, एक चीन, एक सिंधू. पोरांना पिरॅमिड आणि राजांची भारी हौस. बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "राजे नंतर. आधी चूल दाखवा. काय शिजवत होते, अंगावर काय घालत होते, ते सांगा." मग पोरं घरी जाऊन आयांना भंडावून सोडायची. मेसोपोटेमियातही लसूण खायचे, हे कळल्यावर आमच्या पोरांना तो देश एकदम भवानी पेठेच्या पलीकडेच असल्यासारखा वाटू लागला.

खरी गंमत डब्याची होती. शेंगाचटणीचा एक रिकामा पत्र्याचा डबा बाईंनी कधीतरी शाळेत आणला आणि त्यात गटातल्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. सादरीकरणाच्या वेळी चिठ्ठी निघेल त्यानंच बोलायचं. त्यामुळे हुशार पोरानं पाठ करायचं आणि बाकीच्यांनी चित्रं धरून उभं राहायचं, ही सोय बंद. नाव निघालेलं पोर अडलं, की सगळा वर्ग हात वर करून चुळबुळायचा. बाई मात्र हलायच्या नाहीत. "थांबा की. येतंय ते," एवढंच. आणि खरोखर यायचं. कधी पटकन, कधी घंटा व्हायच्या बेताला.

या सगळ्यात भिंतीपलीकडे गोंधळ फार व्हायचा. काही पालकही कुरकुरले, की पोरं प्रश्नोत्तरं लिहायची सोडून अंगणात विटा थापतात. आमच्या हेडसरांनी निर्णय सांगून टाकला. शिक्षण खात्याचे साहेब शाळा बघायला येणार होते. त्यांच्यासमोर सादरीकरण चांगलं झालं तर ठीक, नाहीतर शनिवारचा तास बंद करून तो शिष्यवृत्तीच्या गणिताला, म्हणजे मला. मी मनातल्या मनात वेळापत्रकही आखून ठेवलं होतं.

"बाई, त्या दिवशी तेवढा डबा आणू नका," हेडसर म्हणाले. "चुणचुणीत पोरं पुढं करा."

"मग बाकीच्यांनी अभ्यास कशाला केला म्हणायचं, सर?" बाई म्हणाल्या.

साहेब आले त्या शनिवारी इजिप्तची पाळी होती. मी मुद्दाम दारापाशी जाऊन उभा राहिलो. टेबलावर सोहेल ममी होऊन आडवा झाला होता. ममी गुंडाळायला कापड आणा म्हटल्यावर गटातल्या प्रत्येकानं घरात जे पडून असतं तेच आणलं होतं, लग्नात आहेरात आलेले टॉवेल. सोलापूरच्या घरात कपाट उघडलं की अंगावर टॉवेल पडतात. गुलाबी, पोपटी, चौकटीचे टॉवेल गुंडाळून आमचा फॅरो निवांत पहुडला होता. हेडसरांनी कपाळाला हात लावला.

डबा फिरला आणि नाव निघालं भाग्यश्रीचं. मला ते ऐकून आपला तास हातात आल्यासारखंच वाटलं. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी. एवढ्या भाषांच्या गर्दीत या पोरीनं स्वतःपुरती मान हलवण्याची भाषा निवडली होती. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता.

ती पुढे येऊन उभी राहिली. साहेबांनी ममीकडे बघून हसत विचारलं, "काय गं, इजिप्तमध्ये टॉवेल होते का?"

भाग्यश्री गप्प. हेडसरांना राहवलं नाही. "साहेब, त्याचं असं आहे..." म्हणत ते पुढे झाले.

"सुम्निर्री, सर," मागच्या बाकावरून आवाज आला. गप्प बसा, असं हेडसरांना कन्नडमध्ये सांगण्याची छाती त्या शाळेत दुसऱ्या कुणाची नव्हती. हेडसर जागच्या जागी थांबले. मग बाई नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "थांबा की. येतंय ते."

आम्ही थांबलो. साहेबही थांबले. शेवटी भाग्यश्रीनं एकदा डब्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

"नव्हते, साहेब. त्यांच्यात जवसाचं कापड होतं. जवसाच्या काडीचा धागा काढायचे. आपण जवसाची चटणी करतो, त्यांनी कापड केलं. आमच्याकडं ते कापड मिळंना, म्हणून आहेराचे टॉवेल लावले." आणि मग ती सुटलीच. "टॉवेल सुताचा असतो. सूत कापसाचं. कापूस सिंधूवाल्यांकडं होता. ते पुढच्या शनिवारी सांगणार हायत."

साहेब मोठ्यानं हसले. "मग पुढच्या शनिवारी मला परत यायला पाहिजे."

"या की, साहेब," हेडसर म्हणून गेले, आणि तास वाचला. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की ममीही उठून बसली आणि टॉवेलातून हात सोडवून टाळ्या पिटू लागली. माझा तास गेला, पण खरं सांगतो, सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवत होतो. बाई मात्र जागेवरच होत्या. त्या शाळेत आलेल्याच नव्हत्या ना.

यंदा बाई निवृत्त झाल्या. शनिवारचा तास अखेर माझ्याकडे आला, पण डब्यासकट. त्या डब्याचा लसणाचा वास अजून जात नाही.

निरोप समारंभात बाई माईकसमोर उभ्या राहिल्या. "मुलांनो," म्हणाल्या आणि अडल्या. आयुष्यभर आपण होऊन गप्प राहिलेली बाई त्या दिवशी मात्र खरोखरच अडली होती. हेडसर सवयीनं पुढे सरकले, माईक घेण्यासाठी हातही पुढे केला.

तेवढ्यात मागच्या रांगेत, आता आठवीत गेलेली भाग्यश्री उठून उभी राहिली.

"थांबा की, सर," ती म्हणाली. "येतंय त्यांना."

हेडसर मागे झाले. सगळी शाळा थांबली. बाईंनी पदरानं डोळे पुसले, भाग्यश्रीकडे बघून हसल्या, आणि मग आलं. बाई इतक्या बोलल्या, इतक्या बोलल्या, की बाहेर ठेवलेले पोहे गार झाले आणि एकही पोर जागचं हललं नाही.