अॅम्पच्या मागचं बटण

जठारपेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात उघड्या अॅम्पवर काम करताना मेकॅनिक डावा हात खिशात ठेवतो. वायर काढली तरी व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये करंट दबा धरून बसतो आणि दोन्ही हात आत घातले तर छातीतून जातो, म्हणे. तो हात बाहेर येतो चहासाठी, नाहीतर अॅम्पला थाप मारण्यासाठी. थाप बसली की आतल्या, इको देणाऱ्या स्प्रिंगा गडगडतात आणि तो मशीनलाच शाबासकी देतो, "बोल बाप्पा, बोल!"

माझ्या गिटारच्या अॅम्पमधला घुमारा मला फार वाटायचा. तो कमी करून द्या म्हणालो, तर मी वरणावरचं तूप काढून मागतोय असं त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"भाऊ, भजनवाले इको वाढवून मांगतात. तुमी कावून कमी कराले सांगून राहिले?"

आठवड्यानं अॅम्प मिळाला. मागं एक नवंच बटण होतं.

"वर केलं का तुमचा इको, खाली केलं का माहा. माह्यानं त्याले मुकं नाही करवलं."

मी वैतागलो. घरी येऊन बटण हट्टानं वर ठेवलं.

परवा तो आमच्या गल्लीत दिसला, म्हणून चहाला बोलावलं. मी गिटार वाजवत होतो. ऐकता ऐकता त्यानं अॅम्पच्या मागं उजवा हात घालून बटण चाचपलं. ते खाली होतं.

मी नजर चुकवली. त्यानं डावा हात खिशातून काढला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"बोल बाप्पा, बोल!"